आकाशातली ढाल

ऑगस्ट १९५८. दक्षिण अटलांटिक महासागर. केप टाउनच्या नैऋत्येला, भर समुद्रात अमेरिकी आरमाराचं एक जहाज हेलकावे खातंय. नाव ‘नॉर्टन साउंड’. डेकवर घन इंधनाचं, तीन टप्प्यांचं रॉकेट उभं आहे. त्याच्या टोकाला अण्वस्त्र. डोलत्या जहाजावरून अणुबाँब थेट अवकाशात सोडायचा. असं आजवर कुणीही केलेलं नाही.

ही कल्पना कुणा सेनापतीची नव्हती. ती होती निकोलस क्रिस्टोफिलोस यांची. जन्म बोस्टनचा, पण लहानाचे मोठे झाले अथेन्समध्ये. तिथे ते लिफ्टच्या कंपनीत इंजिनिअर होते. कणभौतिकी शिकले ती स्वतःच, पुस्तकं वाचून. तिथूनच त्यांनी कण-त्वरकाची, म्हणजे अतिसूक्ष्म कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राची, एक नवी रचना कॅलिफोर्नियाच्या शास्त्रज्ञांना कळवली होती. कुणी फारसं लक्ष दिलं नाही. पुढे १९५२ मध्ये अमेरिकेतल्याच ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांना तीच गोष्ट स्वतंत्रपणे सुचली, तेव्हा कुठे या माणसाची किंमत कळली.

ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक डोक्यावरून फिरू लागला आणि अमेरिका हादरली. तेव्हा लिव्हरमोरच्या अण्वस्त्र-प्रयोगशाळेत असलेल्या क्रिस्टोफिलोस यांनी एक आराखडा मांडला. वातावरणाच्या वर अणुस्फोट केला, तर सुटलेले इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकतील. चुंबकीय रेषांभोवती गिरक्या घेत ते उत्तर-दक्षिण येरझारा घालत राहतील, आणि बघता बघता साऱ्या पृथ्वीभोवती त्यांचं कवच तयार होईल. शत्रूचं क्षेपणास्त्र त्यातून आलं, तर वाटेतच निकामी.

हा विचार कागदावर उतरला, तेव्हा निसर्गानेच अडकलेल्या कणांचे असे पट्टे पृथ्वीभोवती आधीपासून बांधून ठेवलेत हे जगाला ठाऊक नव्हतं. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ जेम्स व्हॅन ॲलन यांनी ते जाहीर केलं १ मे १९५८ रोजी. म्हणजे खरा पट्टा नीट समजायच्या आतच कृत्रिम पट्ट्याची तयारी सुरू झाली होती! मला या साऱ्या कहाणीत हीच गोष्ट सर्वात अस्वस्थ करते. मग मोजमापासाठी व्हॅन ॲलन यांच्याच प्रयोगशाळेतली उपकरणं घेऊन ‘एक्सप्लोरर-४’ हा उपग्रह जुलैअखेर वर गेला.

जागा दक्षिण अटलांटिकचीच का? कारण तिथे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र कमजोर आहे, तिथले अडकलेले कण जमिनीच्या जास्त जवळ येतात. शिवाय तिथे जहाजांची वर्दळ कमी. मोहीम गुप्त ठेवायची होती. नाव दिलं ‘आर्गस’.

त्याच उन्हाळ्यात पॅसिफिकमधल्या जॉन्स्टन बेटावरही मोठे बाँब उंचावर फुटत होते. ते आधी पॅसिफिकमधल्याच बिकिनी बेटांवर फोडायचे ठरले होते. पण त्या लखलखाटाने आसपासच्या बेटांवरच्या माणसांचे डोळे जातील, ही भीती होती. भीती खोटी नव्हती. त्यातल्या ‘टीक’ नावाच्या स्फोटाच्या वेळी साडेपाचशे किलोमीटरवर ठेवलेल्या सशांच्या डोळ्यांचे पडदे भाजले.

घाई मात्र थांबली नाही. २२ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी अणुचाचण्या स्थगित करण्याची तयारी जाहीर केली. पाचच दिवसांनी, २७ तारखेला, आर्गसचा पहिला बाँब फुटला. दुसरा ३० ऑगस्टला, तिसरा ६ सप्टेंबरला. प्रत्येकी सुमारे १.७ किलोटन, म्हणजे सतराशे टन टीएनटी स्फोटकाइतका.

इलेक्ट्रॉन खरंच अडकले, एक्सप्लोररने ते टिपले. पण कवच विरळ निघालं आणि काही आठवड्यांत विरून गेलं. क्षेपणास्त्र अडवणारी ढाल त्यातून होणार नव्हती. जगाला हे कळलं मार्च १९५९ मध्ये, ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधून.

तरीही ९ जुलै १९६२ रोजी जॉन्स्टन बेटाजवळ, चारशे किलोमीटर उंचीवर ‘स्टारफिश प्राइम’ हा बाँब फुटला. १.४ मेगाटन, म्हणजे चौदाशे किलोटन. चौदाशे किलोमीटरवरच्या हवाईत रस्त्यांवरचे काही दिवे गेले. दुसऱ्याच दिवशी ‘टेलस्टार’ अवकाशात झेपावला, अटलांटिकपलीकडे थेट दूरचित्र पोहोचवणारा पहिला उपग्रह. तो रोज या स्फोटाने तयार झालेल्या नव्या पट्ट्यातून जात होता. नोव्हेंबरमध्ये त्याने जमिनीवरून येणारे आदेश ऐकणं थांबवलं.