बुरेटमधला एक थेंब आणि मोलचा हिशोब

(दृश्य: बेळगावातल्या एका कॉलेजची केमिस्ट्री लॅब, ओळीनं उभे स्टँड, त्यात बुरेट, म्हणजे खाली तोटी असलेल्या, मिलीच्या खुणांच्या लांब काचेच्या नळ्या)

येळ्ळूर, उचगाव, खानापूर, निपाणी, कुठलंही गाव घ्या, पोरं दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकतात आणि पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला आली की सगळं एकदम इंग्लिशमधनं सुरू होतं, त्यात केमिस्ट्रीत सुरुवातीलाच गाठ पडते ती मोलशी, म्हणजे कण मोजायच्या मापाशी. ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात. आकडा पाठ होतो, पण तो कशाला लागतो हे बऱ्याच जणांना वर्ष संपलं तरी कळत नाही. पोरं हुशार आहेत हो, फक्त त्यांच्या भाषेत, शेजारी बसून कुणी सांगितलेलं नसतं.

मग आपल्या काजूवरनंच बघू. चंदगड-बेळगाव पट्ट्यात काजूचे कारखाने आहेत, तिथं ३२० नंबरचा काजू म्हणजे एका पौंडात साधारण ३०० ते ३२० गर. कुणी एकेक गर मोजत बसत नाही, वजन केलं की नग कळले. मोलचं तेच आहे, फक्त कण इतके बारीक की वजन करण्याशिवाय दुसरा इलाजच नाही. कार्बन १२ ग्रॅम घ्या, पाणी १८ ग्रॅम घ्या, बाटलीतलं ऑक्झॅलिक ॲसिड १२६ ग्रॅम घ्या, तिन्हीत नग तेवढेच. आणि २० मे २०१९ पासून तर ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात हा आकडाच मोलची व्याख्या म्हणून जगभर लागू आहे.

(दृश्य: तराजूवर पांढरे खडे)

आता हे १२६ कुठनं आलं? नुसतं ऑक्झॅलिक ॲसिड ९०, पण त्याच्या स्फटिकात पाण्याचे दोन रेणू बसलेले असतात, ते ३६. हे पाणी विसरून ९० नं हिशोब केला की द्रावण सुरुवातीपासूनच चुकलं, मग पुढं कितीही जपून टायट्रेशन (एक द्रावण दुसऱ्यात थेंबाथेंबानं सोडून ताकद मोजणं) करा. आपण ३.१५ ग्रॅम घेतलं, भागिले १२६, म्हणजे ०.०२५ मोल. ते २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत भरलं, झालं ०.१ मोलर, म्हणजे लिटरला ०.१ मोल. सोडियम हायड्रॉक्साइडचं असं थेट वजन करून चालत नाही, ते हवेतलं पाणी ओढतं, कार्बन डायऑक्साइडही ओढतं, म्हणून त्याची खरी ताकद ॲसिडकडनंच काढून घ्यायची.

(दृश्य: एक विद्यार्थिनी बुरेट भरते आहे, बाजूला सर)

"अगं, फनेल तसंच ठेवलंस की वर, काढ आधी."
"काढते सर."
"आणि खाली टोकात बघ, बुडबुडा आहे न्हवं?"

हा बुडबुडा नीट बघा, कॅमेरा जवळ नेलाय. अर्धा मिलीचा असेल आणि मधेच निघून गेला, तर ॲसिडमध्ये न पडलेलं अर्धा मिली रीडिंगमध्ये धरलं जातं, वीस मिलीत अडीच टक्क्यांची चूक! बुरेट शेवटी सोडियम हायड्रॉक्साइडनंच खळखळून घ्यायची, पिपेट (ठरावीक मिली मोजून उचलायची नळी) ॲसिडनं, पण ज्यात टायट्रेशन करतो तो कोनिकल फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड वॉटरनं, कारण तिथं ॲसिड चिकटून राहिलं तर पिपेटनं मोजलेल्या १० मिलीत भर पडते. पिपेटच्या टोकाला राहिलेला थेंब फुंकायचा नाही, टोक काचेला टेकवायचं आणि सोडून द्यायचं, पिपेटवरची खूण तो थेंब वगळूनच केलेली असते.

फ्लास्कमधल्या ॲसिडमध्ये फिनॉल्फ्थॅलीनचे, म्हणजे ॲसिड संपलं की गुलाबी होणाऱ्या द्रवाचे, दोन थेंब, खाली पांढरी टाइल, डावा हात बुरेटवर, उजव्या हातानं फ्लास्क फिरवत राहायचं. गुलाबी रंग येतो आणि जातो, येतो आणि जातो, जायला वेळ लागायला लागला की धार बंद, आता थेंब थेंब. फिकट गुलाबी रंग तीस सेकंद टिकला की थांबा. गडद गुलाबी छान दिसतो, पण ते रीडिंग पुढं गेलेलं असतं.

रीडिंग आलं १९.६, परत केलं, १९.६. आता हिशोब, आणि मार्क जातात ते इथंच, कारण सगळे डोळे झाकून एम-वन व्ही-वन बरोबर एम-टू व्ही-टू (दोन्हीकडं ताकद गुणिले मिली सारखंच) लिहितात. आधी समीकरण लिहा. ऑक्झॅलिक ॲसिडच्या एका मोलला सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन मोल लागतात. दहा मिलीत ॲसिड ०.००१ मोल, म्हणून सोडियम हायड्रॉक्साइड ०.००२ मोल, भागिले ०.०१९६ लिटर, उत्तर ०.१०२ मोलर. ते 'दोन' विसरलात की उत्तर बरोबर निम्मं.

(दृश्य: दूध संकलन केंद्र, सकाळ)

हेच सगळं कॉलेजबाहेर बघायचं तर दुधाकडं चला. दहा मिली दूध, तेच फिनॉल्फ्थॅलीन, ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड. दूध आंबायला लागलं की वाढणाऱ्या लॅक्टिक ॲसिडचं एका मोलचं वजन ९० ग्रॅम आणि इथं प्रमाण एकास एक, म्हणून एक मिली म्हणजे ०.००९ ग्रॅम. १.६ मिली लागलं तर आम्लता ०.१४ टक्के, दूध ताजं. दोन मिली लागलं तर ०.१८, आणि मग ते कॅन वेगळं काढून परत तपासायचं.