आधी पेटी, मग साप

नमस्कार मंडळी. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या श्रोत्यांपैकी कुणाच्या घरी मुलांनी साप पाळायचा हट्ट धरला असेल, तर कॉर्न स्नेकपासून सुरुवात करायला हरकत नाही. हा बिनविषारी साप तिथल्याच आग्नेय राज्यांतला. स्वभावाने शांत, लांबी साधारण 3 ते 5 फूट. मात्र तो 15 ते 20 वर्षं जगतो. मूल कॉलेजला गेलं की सापाचं सगळं आईवडिलांनाच बघावं लागतं, हे आजच मान्य असू द्या. कायदाही पाहा. हवाईत कुठलाच साप पाळता येत नाही आणि जॉर्जियात कॉर्न स्नेक तिथला रानटी जीव म्हणून घरी ठेवायला मनाई आहे. भारतातल्या श्रोत्यांनी तर धामण किंवा दिवड धरून घरी ठेवण्याचा विचारही करू नये. वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

साप आणण्याच्या आठवडाभर आधी पेटी मांडा आणि चालवून बघा. पेटीच्या एका टोकाला जमिनीचं तापमान 85 ते 88 अंश फॅरेनहाइट, दुसऱ्या टोकाला 75 च्या आसपास हवं. दोन्हीकडे अंग चोरून बसता येईल अशी एकेक लपायची जागा ठेवा. एकाच टोकाला ठेवली, तर बिचारा ऊब आणि आडोसा यांतलं एकच काहीतरी निवडतो. हीट मॅटला, म्हणजे ऊब देणाऱ्या विजेच्या चटईला, थर्मोस्टॅट (तापमान आवरणारं यंत्र) लावायलाच हवा. त्याशिवाय मॅट तापत जाते आणि सापाचं पोट भाजतं. खाली अ‍ॅस्पेन या झाडाचा भुसा घाला. देवदाराचा भुसा टाळा, त्याच्या उग्र तेलाचा फुप्फुसांना त्रास होतो. झाकणाला खटका हवाच. डोकं शिरेल एवढी फट मिळाली की पिल्लू पसार झालंच म्हणून समजा.

पिल्लू पाळीव सापांच्या पोटचंच घ्या, रानातून पकडलेलं नको. विकणाऱ्याकडे त्याच्या खाण्याची नोंद मागा, आणि जमलं तर डोळ्यांदेखत खाताना बघा. नाकातोंडाशी फेस किंवा बुडबुडे नसावेत. खवल्यांच्या कडेला किंवा पाण्याच्या भांड्यात बारीक काळे ठिपके दिसले, तर ते माइट्स, म्हणजे सापाचं रक्त पिणारे बारीक जीव, समजा आणि परत फिरा. रंगाच्या जाती पुष्कळ आहेत, पण पहिल्या सापासाठी रंगापेक्षा भूक बघून निवड करा.

घरी आणल्यावर आठवडाभर त्याला हात लावू नका. नंतर पहिला घास द्या. पुढे पिल्लाला दर 5 ते 7 दिवसांनी एक गोठवलेलं, केस न फुटलेलं उंदराचं पिल्लू, मोठ्या सापाला दर 10 ते 14 दिवसांनी एक मोठा उंदीर. घास सापाच्या सर्वांत जाड भागाएवढा किंवा किंचित मोठा असावा. रात्रभर फ्रीजमध्ये वितळू द्या, मग पिशवीत घालून कोमट पाण्यात ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये ठेवलात तर बाहेरून शिजतो, आतून बर्फ राहतो. खाल्ल्यावर 48 तास हाताळू नका, नाहीतर तो घास ओकतो. ओकलाच, तर 10 दिवस काही देऊ नका; मग निम्म्या आकाराचा घास द्या आणि उबेच्या टोकाचं तापमान पुन्हा मोजा.

डोळे निळसर दुधाळ दिसू लागले की कात टाकायची वेळ आली. तेव्हा ओलसर शेवाळ भरलेला डबा आत ठेवा. टाकलेल्या कातेत डोळ्यांवरचे दोन्ही पापुद्रे आणि शेपटीचं टोक आलं का, ते पाहा. पापुद्रा डोळ्यावरच राहिला तर नखाने ओढू नका, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या. सापाला किंवा पेटीला हात लावल्यावर साबणाने हात धुवा, कारण सापांकडून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू येऊ शकतो. 5 वर्षांखालच्या मुलांच्या हाती साप देऊ नका.