गाडी बदलते तिथे

श्रोतेहो, नमस्कार. पंजाबात पिकलेला गहू त्रिपुरातल्या रेशन दुकानात पोचतो, याचे आता कोणाला नवल वाटत नाही. परंतु आपल्यासारख्या विस्तीर्ण देशात धान्याचा खर्च आणि त्याची नासाडी ही नुसत्या अंतरावर ठरत नाही. ते वाटेत किती वेळा उतरवून पुन्हा चढवावे लागते, यालाही तेवढेच महत्त्व आहे.

आपले मनमाडच घ्या. मुंबईहून येणारा लोहमार्ग ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमध्ये १६७६ मिलिमीटर अंतर असलेला. तर १९००च्या सुमारास निजामाच्या राज्यातून मनमाडला येऊन मिळालेला मार्ग मीटरगेज, म्हणजे अवघा १००० मिलिमीटरचा. एका मार्गाची वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, दुसऱ्यावर चालणे शक्यच नव्हते. त्यामुळे रेल्वेने मराठवाड्याकडे निघालेले पोते मनमाडला हमालाच्या पाठीवरून एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत जाई. आकडा रुतला की तागाला भोक पडे आणि दाणे फलाटभर सांडत. मुंबईहून औरंगाबादला निघालेला प्रवासीसुद्धा ट्रंक आणि वळकटी उचलून इथेच गाडी बदलत असे. १९९०च्या दशकात हा मार्ग रुंद झाला, तेव्हा कुठे ही उतरव-चढव थांबली.

आसामातल्या लमडिंगला मात्र त्यासाठी २०१५ साल उजाडावे लागले. तिथून डोंगर ओलांडून सिलचरला जाणारा मार्ग तोवर मीटरगेजच होता आणि बराक खोरे, त्रिपुरा, मिझोराम यांचे रेल्वेने येणारे धान्य त्यावरच अवलंबून होते. मार्ग रुंद झाला, पण पर्यायी लोहमार्ग झाला नाही. मे २०२२मध्ये दरडी कोसळल्या, न्यू हाफलाँग स्थानकात उभ्या गाडीचे डबे चिखलाच्या लोंढ्याने कलंडले आणि सुमारे दोन महिने हा एवढा मोठा मुलूख रेल्वेने तुटला. ज्या प्रदेशाला एकच वाट आहे, त्याला दुसरी देणे हे मी अन्नसुरक्षेचेच काम मानतो.

गाडी बदलणे संपले तरी खोळंबणे संपत नाही. एकाच रुळांवर एक्स्प्रेसही धावते आणि मालगाडीही, आणि वाट बहुधा मालगाडीनेच द्यायची असते. २०२०च्या टाळेबंदीत प्रवासी गाड्या बंद होत्या, तेव्हा मालगाड्यांचा सरासरी वेग जवळजवळ दुप्पट झाला होता, यावरून हा खोळंबा केवढा आहे हे लक्षात यावे. दादरीपासून जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंतचा सुमारे १५०० किलोमीटरचा स्वतंत्र मालवाहू मार्ग आखला गेला, तो याचसाठी.

रात्रीच्या प्रवासात एखादे लहान स्थानक भरधाव मागे पडते आणि लूप लाइनवर, म्हणजे थांबलेल्या गाडीसाठीच्या बाजूच्या रुळांवर, दारे मोहोरबंद केलेल्या वाघिणींची लांबच लांब रांग अंधारात उभी दिसते. आपली गाडी पुढे गेली की तिचा सिग्नल पडतो.