चोर सोडून संन्याशाला सुळी

(धुळ्यातल्या एका व्याख्यानमालेत निवृत्त फौजदारी वकिलांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. थंडी कडाक्याची आहे, तरी कुसुंबा, बोरकुंड, शिरूडपासून माणसं आलेली दिसताहेत. आजचा विषय मी स्वतः मागून घेतला आहे. फाशीच्या शिक्षेचा देशोदेशीचा इतिहास. चाळीस वर्षं मी फौजदारी वकिली केली आणि त्यातली बरीच रात्रपाळी या एका विषयाच्या वाचनात गेली.

सुरुवातीलाच एक कबूल करतो. मागे एका लहान मुलीच्या बाबतीत जे घडलं, त्यानंतर आपल्याकडे मोर्चा निघाला होता. त्या मोर्चात मी चाललो होतो आणि 'फाशी द्या' ही घोषणा माझ्याही तोंडून गेली. तो राग खरा होता, आजही आहे. म्हणून 'रागावू नका' असं मी तुम्हाला सांगणार नाही. फाशीनं जगात काय काय झालं, तेवढं सांगतो.

आपल्या भाषेपासून सुरू करू. 'कडेलोट झाला' असं आपण सहज म्हणतो. 'सुळावरची पोळी', 'हत्तीच्या पायी देणं', 'तोफेच्या तोंडी जाणं' हेही बोलण्यात येतं. माणूस मारण्याच्या या साऱ्या खऱ्या तऱ्हा होत्या. त्या बंद पडल्या आणि बोलण्यात राहिल्या. पण याच भाषेनं एक म्हणही जपली आहे: चोर सोडून संन्याशाला सुळी. ही म्हण ज्यानं पहिल्यांदा उच्चारली, त्यानं तसं काही डोळ्यांनी बघितलेलं असणार. आपण हळहळतो ती संन्याशासाठी. म्हणीचा पहिला शब्द मात्र 'चोर' आहे, आणि तो सुटलेला आहे. आज मला दोघांबद्दल बोलायचं आहे.

आपल्या खानदेशानं सुळी फार जवळून पाहिली. १८०३चा दुष्काळ आणि होळकरांची धामधूम यांत हा मुलूख उजाड झाला. सातपुडा आणि सातमाळ्यातले भिल्ल लुटालूट करू लागले, तेव्हा पेशवाईतल्या अंमलदारांनी बंदोबस्त केला. तो कसा, ते खानदेशच्या जुन्या गॅझेटियरमध्ये वाचायला मिळतं. पकडलेला भिल्ल चौकशीशिवाय लटकवायचा. शेकड्यांनी माणसं सातमाळ्याच्या कड्यांवरून लोटून दिली. १८०४च्या सुमारास खानदेशच्या सरसुभेदारानं कोपरगावला भिल्लांचा मोठा जमाव बोलावून घेतला, विश्वासानं आलेल्या माणसांना धरलं आणि विहिरींत टाकलं. हे इंग्रजांनी लिहून ठेवलं आहे आणि आधीचं राज्य वाईट दाखवण्यात त्यांचा मतलब होता, हे मान्य. पण त्यांचं राज्य आल्यावर काय झालं? एप्रिल १८५८मध्ये सातपुड्यात अंबापाणीची लढाई झाली. धरलेल्या भिल्लांवर तिथल्या तिथे लष्करी कोर्ट भरवलं आणि कित्येकांना गोळ्या घातल्या. राज्य बदललं, ध्वज बदलला, पण चौकशीला वेळ कुणाकडेच नव्हता. आणि कड्यावर उभा केलेला माणूस दोन्ही वेळा तोच, डोंगरातला.

आता त्याच इंग्रजांच्या घरात डोकावू. १८००च्या आसपास इंग्लंडमध्ये दोनशेच्या वर गुन्ह्यांना देहदंड होता. दुकानातून पाच शिलिंगांचा माल उचलला तरी फाशी. राहत्या घरातून चाळीस शिलिंगांची चोरी केली तरी फाशी. मग जूरीत बसलेल्या साध्या माणसांनी एक वाट काढली. घरातून चोरलेला माल कितीही किमतीचा असो, निकालात ते लिहीत: ३९ शिलिंग. एका शिलिंगानं माणूस वाचायचा. शपथ घेऊन केलेलं हे खोटं होतं आणि न्यायाधीशांसकट सगळ्यांना ते ठाऊक होतं. मला यात माणसाच्या काळजाची ओल दिसते. पण व्यवहाराची बाजूही बघा. खोट्या सही-दस्तऐवजाला फाशी असल्यानं जूरी आरोपीला दोषीच धरेना. अखेर १८३०मध्ये बँकवाल्यांनीच पार्लमेंटकडे अर्ज केला, की या गुन्ह्याची फाशी काढा, आमचे चोर सुटताहेत. ज्यांचा पैसा बुडत होता त्यांना हे कळलं: शिक्षा जितकी भयंकर, तितका ती देणाऱ्याचा हात आखडतो.

तिथून सव्वाशे वर्षं पुढे या. लंडनच्या नॉटिंग हिल भागात, रिलिंग्टन प्लेसच्या १० नंबरच्या घरात वरच्या मजल्यावर टिमोथी इव्हान्स नावाचा तरुण राहायचा. त्याला धड लिहिता-वाचता येत नव्हतं. १९४९मध्ये त्याची बायको आणि तान्ही मुलगी मारलेल्या सापडल्या. पोलिसांपुढे त्यानं कधी हे सांगितलं, कधी ते. मग कोर्टात सांगितलं, की खालच्या मजल्यावरच्या जॉन ख्रिस्ती नावाच्या माणसानं हे केलं. तो ख्रिस्ती सरकार पक्षाचा मुख्य साक्षीदार होता. नीट बोलणारा, पहिल्या महायुद्धात लढलेला. त्याच्यावर विश्वास बसला आणि ९ मार्च १९५० रोजी इव्हान्स फासावर गेला.

तीन वर्षांनी, मार्च १९५३मध्ये, त्या घरातला एक भाडेकरू स्वयंपाकघरात काम करत होता. भिंतीवरचा कागद त्यानं सोलला, तर मागे पोकळी आणि पोकळीत बायकांची प्रेतं. ख्रिस्ती पकडला गेला. इव्हान्सची बायको आपणच मारली, हेही त्यानं कबूल केलं. आता हिशेब नीट ऐका. इव्हान्सला फाशी दिल्यानंतर ख्रिस्तीनं आणखी चार बायका मारल्या. त्यांतली एक त्याची स्वतःची बायको. चुकीच्या माणसाला लटकवून फाईल बंद झाली नसती, तर त्या चौघी कदाचित जगल्या असत्या. इव्हान्सला माफी मिळाली १९६६मध्ये, मेल्यावर सोळा वर्षांनी. त्याआधीच, १९६५मध्ये, ब्रिटननं खुनासाठीची फाशी पाच वर्षांकरता थांबवली होती, आणि १९६९मध्ये ती कायमची बंद केली. शेवटच्या दोघांना १३ ऑगस्ट १९६४ला, लिव्हरपूल आणि मँचेस्टरमध्ये, एकाच वेळी फासावर दिलं होतं.

फ्रान्सचं थोडक्यात सांगतो, कारण गिलोटिनबद्दल तुम्ही पुष्कळ ऐकलं असेल. पात्यानं मान छाटायचं ते यंत्र बनवणारा टोबियास श्मिट हा वाद्यं बनवणारा कारागीर होता. फ्रेंच राज्यक्रांतीतला पुढारी रोब्सपिएर, ज्याच्या नावानं नंतर पॅरिस थरथरलं, त्यानं १७९१मध्ये देहदंड रद्द करा असं भाषण केलं होतं. तीन वर्षांनी, हजारोंना त्या पात्याखाली पाठवून, तो स्वतः त्याच पात्याखाली गेला. हे यंत्र १९७७पर्यंत चाललं, ज्या साली आपल्याकडे आणीबाणी उठली त्या सालापर्यंत. १९८१मध्ये कायदामंत्री रोबेर बादँतेर यांनी देहदंड रद्द करून घेतला. तेव्हा बहुसंख्य फ्रेंच जनता फाशीच्या बाजूनं होती. लोकमताच्या विरुद्ध उभं राहायला छाती लागते. तशी छाती त्यांच्याही आधी काहींनी दाखवली होती. इटलीतल्या टस्कनीचा राज्यकर्ता लिओपोल्ड यानं १७८६मध्ये देहदंड काढून टाकला. व्हेनेझुएलानं १८६३मध्ये सगळ्याच गुन्ह्यांसाठी तो रद्द केला, त्या वेळी आपल्याकडे इंडियन पिनल कोड नुकतंच लागू झालेलं होतं. आज जगातल्या दोन-तृतीयांशांहून जास्त देशांनी कायद्यानं किंवा निदान व्यवहारात ही शिक्षा सोडली आहे. अमेरिका, चीन, जपान, इराण, सौदी अरेबिया आणि आपण अजून सोडलेली नाही.

जपानची एक गोष्ट मला झोपू देत नाही. तिथे नवव्या शतकापासून ११५६पर्यंत सम्राटांच्या दरबारानं जवळजवळ साडेतीनशे वर्षं देहदंड अमलात आणला नाही. त्याच देशात इवाओ हाकामादा हा माजी मुष्टियोद्धा मिसोच्या कारखान्यात नोकरीला होता. मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेलं खारट वाटण. १९६६मध्ये त्या कारखान्याच्या एका वरिष्ठाच्या घरातली चार माणसं मारली गेली. हाकामादाला धरलं, आणि दिवसचे दिवस चौकशी करून कबुली घेतली. वर्षभरानंतर मिसोच्या पिंपातून रक्ताळलेले पाच कपडे निघाले, ते त्याचे ठरले आणि १९६८मध्ये त्याला फाशीची शिक्षा झाली. आता आपल्या आया-बहिणींना मी विचारतो, लोणच्याच्या बरणीत वर्षभर बुडवून ठेवलेल्या फडक्यावरचा डाग लाल राहील का? या कपड्यांवरचे डाग लालसर होते. वकिलांनी प्रयोग करून दाखवलं, की मिसोत रक्त काळं पडतं. एवढी साधी गोष्ट कोर्टाला पटायला किती काळ लागला? तो २०१४ला तुरुंगाबाहेर आला आणि सप्टेंबर २०२४मध्ये निर्दोष ठरला. पुरावा रचलेला होता, असं कोर्टानं म्हटलं. तोवर वय ८८. जपानमध्ये फाशीची वेळ कैद्याला त्याच दिवशी सकाळी कळते. म्हणजे दशकानुदशकं रोज सकाळी कोठडीबाहेर पावलं वाजली, की या माणसानं कान टवकारले असतील. त्याचं मन त्यात मोडलं ते मोडलंच. त्याला शिक्षा देणाऱ्या तीन न्यायाधीशांपैकी एकानं २००७मध्ये जाहीर सांगितलं, की मला तो निर्दोषच वाटत होता, पण बाकीच्या दोघांपुढे माझं चाललं नाही. निकालानंतर काही महिन्यांतच त्यानं नोकरी सोडली होती.

आता आपल्या देशात या. १८९८च्या फौजदारी संहितेत, खुनाला फाशी दिली नाही तर का नाही, याची कारणं न्यायाधीशांना लिहावी लागत. १९५५मध्ये ती अट गेली. १९७३च्या संहितेत पारडं उलटं झालं: फाशी द्यायची तर खास कारणं लिहा. १९८०मध्ये बच्चनसिंग खटल्यात सुप्रीम कोर्टानं फाशी घटनेत बसते असं ठरवलं, पण ती फक्त 'दुर्मिळातल्या दुर्मिळ' प्रकरणात. न्यायमूर्ती भगवती एकटे विरोधात राहिले. ही शिक्षा कुणाला मिळेल हे न्यायाधीश कोण बसले आहेत त्यावर ठरतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

ते खोटं नव्हतं, हे लगेच दिसलं. उत्तर प्रदेशात एका खुनाच्या प्रकरणात तिघांना फाशी झाली. गुन्हा एकच, वाटा सारखाच. तिघांनी वेगवेगळे अर्ज केले आणि ते सुप्रीम कोर्टाच्या वेगवेगळ्या खंडपीठांपुढे गेले. एकाचा अर्ज फेटाळला गेला. दुसऱ्याची फाशी जन्मठेपेवर आली. तिसऱ्याचा अर्ज फेटाळला गेला, पण शेवटच्या घटकेला त्यानं पुन्हा दार ठोठावलं आणि कोर्टाला ही विसंगती दिसली. तोवर, ६ ऑक्टोबर १९८१ला, पहिला फासावर गेलेला होता.

आणि हे आपल्या शेजारचं. २००३मध्ये नाशिकजवळ एका पेरूच्या बागेतल्या झोपडीत एका कुटुंबातली पाच माणसं मारली गेली, बायकांवर अत्याचार झाला. ऐकवत नाही असं ते प्रकरण आहे. भटक्या जमातीतली सहा माणसं धरली गेली. २००९मध्ये सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना फाशी सांगितली. दहा वर्षांनी, मार्च २०१९मध्ये, त्याच कोर्टानं फेरविचार करून सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला लावले. सोळा वर्षं आत, त्यांतला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन. वाचलेल्या साक्षीदार बाईनं पोलिसांच्या अल्बममधून वेगळ्याच चौघांचे फोटो ओळखले होते. त्या चौघांचा तपासच झाला नाही. म्हणीतले दोन्ही शब्द या एका निकालपत्रात आहेत.

शेवटी माझ्या वकिलीतला एक प्रसंग. गावाचं, कोर्टाचं नाव घेत नाही. मी ज्युनिअर होतो. एका शेतमजूर पोराला खुनात फाशी झाली. निकाल इंग्रजीत वाचला गेला. त्याची आई मागच्या बाकाशेजारी जमिनीवर बसलेली, फडक्यात कळण्याची भाकरी आणि मिरच्यांचा ठेचा बांधून. सगळे उठले तशी तीही उठली आणि मला म्हणाली, "पोऱ्या घर कव्हय येई?" मला उत्तर देता आलं नाही. वरच्या कोर्टात जायचं आहे, एवढंच बोललो. तिनं ते फडकं शिपायापुढे धरलं, आणि त्या भल्या माणसानं ते मुलाच्या हातात जाऊ दिलं.

सत्र न्यायालयाची फाशी हायकोर्टानं कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, हे आपलं नशीब. हायकोर्टात उघडं पडलं, की हत्यार जप्तीच्या पंचनाम्यावर पंचांनी सही केली होती ती पोलीस ठाण्यात बसून, शेतात कुणी गेलंच नव्हतं. पोरगा सुटला. मला वाटलं, आपण जिंकलो.

पुढच्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी एका बाईनं मला गाठलं. ज्याचा खून झाला होता त्याची ती बायको. भांडायला आली नव्हती. डोक्यावरची पाटी खाली ठेवली, पदर सावरला आणि विचारलं, "मंग मन्हा धनीले मारं कोनी?"

त्या गुन्ह्याचा तपास पुन्हा कधी उघडला गेला नाही. तिला काय सांगायचं, ते मला त्या दिवशी सुचलं नाही आणि अजूनही सुचलेलं नाही.