नोंदवही इथेच राहू द्या
(इंदूरमध्ये झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. निमंत्रणपत्रिकेत विषय लांबलचक छापलाय: विद्यापीठं, आंतरराष्ट्रीय पर्यावरण संस्था आणि परिसंस्थांचं रक्षण. त्याकडे येतोच. आधी गिधाडांची गोष्ट सांगू द्या, कारण माझं म्हणणं सगळं तिच्यातच आहे.

इथे साठीपुढची बरीच मंडळी दिसताहेत. मेलेल्या ढोरावर तुटून पडलेली गिधाडं तुम्ही लहानपणी पाहिली असतील. तुमच्या नातवंडांनी नाही पाहिली. पांढऱ्या पाठीची गिधाडं 1992 ते 2007 या काळात भारतात 99 टक्क्यांहून जास्त घटली. हे लक्षात कसं आलं? भरतपूरच्या केवलादेव उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभु प्रकाश 1980 च्या दशकात शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करत होते. गिधाडांची घरटी त्यांनी मोजून, लिहून ठेवली होती. दहाएक वर्षांनी पुन्हा मोजली तर आकडा निम्म्याच्याही खाली. फांदीवर मान टाकून बसलेली गिधाडं, झाडाखाली मरून पडलेली गिधाडं.

आधी संशय विषाणूवर होता. तिकडे पाकिस्तानात पेरेग्रीन फंड या शिकारी पक्ष्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेबरोबर वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीचे लिंडसे ओक्स काम करत होते. मेलेले पक्षी उघडले की आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर दिसायचा. म्हणजे मूत्रपिंडं निकामी. रोगजंतू सापडेनात, जड धातू नाहीत, कीटकनाशकं नाहीत. तेव्हा त्यांनी सरळ गुरांच्या डॉक्टरांना आणि औषधविक्रेत्यांना गाठलं: जनावरांना असं काय देता, जे मूत्रपिंडाला मारक आहे? उत्तर निघालं डायक्लोफेनॅक. आपण गुडघेदुखीला घेतो तेच. मेलेल्या जनावरांपैकी शंभरात एकाहूनही कमी जनावरांत ते असलं तरी एवढा संहार होऊ शकतो, हे पुढे गणितानं दाखवून दिलं. ओक्स यांचं संशोधन 2004 मध्ये छापून आलं आणि 2006 मध्ये भारतानं गुरांसाठी त्या औषधावर बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हा पर्याय होताच. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या. शेवटी 2015 मध्ये इंजेक्शनची बाटली 3 मिलिलिटरची करावी लागली.

परदेशी प्रयोगशाळा, परदेशी पैसा, आंतरराष्ट्रीय संस्था, सगळं लागलं, आणि मी त्याचा ऋणी आहे. पण भरतपूरच्या घरट्यांची ती जुनी नोंद नसती, तर गिधाडं घटली हे पटवायलाच आणखी दहा वर्षं गेली असती. आजार शोधणारा बाहेरून येऊ शकतो. आधी काय होतं, हे इथलाच माणूस सांगू शकतो, तेही त्यानं लिहून ठेवलं असेल तर.

आता आमच्या विभागाचं सांगतो. फार वर्षांपूर्वी एका परदेशी संस्थेशी करार झाला. नाव घेत नाही. तीन वर्षं एका तलावाच्या पाण्याचा अभ्यास. आमची मुलं पहाटे होडीत बसायची. पाणी किती नितळ आहे ते सेकी तबकडीनं मोजतात. ती ताटलीएवढी, काळ्या-पांढऱ्या चार भागांची. दोरीला दर दहा सेंटिमीटरवर गाठ. तबकडी हळूहळू सोडायची, दिसेनाशी झाली की गाठ धरायची, वर खेचताना पुन्हा दिसली की दुसरी गाठ, दोन्हींची सरासरी वहीत. हात गारठलेले, पण अक्षर सुरेख! प्रकल्प संपला. गुळगुळीत कागदावरचा अहवाल आला, त्यात सरासऱ्यांचे आलेख. मूळ तक्ते तिकडे गेले ते गेलेच. पुढे आमच्याच एका विद्यार्थिनीला पीएच.डी.साठी ते आकडे हवे होते. कळवण्यात आलं की विदा, म्हणजे डेटा, संस्थेच्या मालकीची आहे, अर्ज करा. अर्ज केला. त्यावर काही आलं नाही. तिनं शून्यापासून सुरुवात केली. पाणी आमचं, पहाट आमच्या मुलांची, आणि आकडे मात्र परके. याचा मला आजही राग येतो.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत. पत्रिकेतला विषय आता भराभर.

धार रोडवरचं सिरपूर तळं होळकरांच्या काळातलं. ते टिकलं त्यात भालू मोंढे आणि त्यांच्या सहकाऱ्यांची चिकाटी मोठी. 2022 मध्ये सिरपूर आणि इंदूरजवळचा यशवंत सागर दोन्ही रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आले. जानेवारी 2025 मध्ये इंदूर आणि उदयपूर ही भारतातली पहिली रामसर मान्यताप्राप्त पाणथळ शहरं ठरली. ही मान्यता सहा वर्षांची असते. सहा वर्षांनी पुन्हा दाखवावं लागेल की सांडपाणी किती अडवलं, जलपर्णी कुठवर पसरली, सारस किती उरले. ते आकडे कुठून आणणार? तेव्हा घाईनं सल्लागार नेमून नाही मिळत ते. दर महिन्याला कुणीतरी मोजलेले असावे लागतात, आणि ते काम विद्यापीठाचं, महाविद्यालयांचं आहे.

म्हणून सामंजस्य करारावर सही करणाऱ्यांना माझी विनंती: मूळ नोंदींची प्रत पहिल्या दिवसापासून इथे राहील, असं कलम घाला. उपकरण घ्याल तर त्याच्या दुरुस्तीचे पैसेही मागून घ्या. प्रकल्प तीन वर्षांचा असो, मोजणी चालू ठेवण्याची तजवीज त्यापुढची हवी. होडी वल्हवणाऱ्या कोळ्याचं नाव अहवालात आलंच पाहिजे. पाणी कुठे सडतंय ते त्याला आपल्याआधी कळतं. आणि बाहेरच्या संस्थांकडून पद्धत जरूर शिका. आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दर जानेवारीत होते, वेगवेगळ्या देशांत एकाच धर्तीवर, म्हणून तर इथला आकडा तिथल्या आकड्याशेजारी ठेवता येतो.

येत्या जानेवारीत या गणनेसाठी सिरपूरवर माणसं लागतील. दुर्बीण नसली तरी चालेल, लिहिणारा हात हवा. दाराशी कागद ठेवलाय, जाताना नाव आणि फोन नंबर लिहून जा.