पॅरिशच्या वहीतलं सासर

(मंडळाच्या मेळाव्यातल्या भाषणाचा संपादित भाग)

नमस्कार मंडळी,

पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘स्कॉटिश सासरचा इतिहास’ असं छापलंय. ते वाचून मघाशी एक काकू विचारून गेल्या, "तुमचा किल्ला कुठला गं?" काकू, आमचा किल्ला म्हणजे ग्लासगोच्या गॉर्बल्समधली तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. घरात आठ माणसं आणि संडास जिन्यात, तोही चार बिऱ्हाडांत मिळून एक. माझं लहानपण परळच्या चाळीत गेलं, त्यामुळे सासरे हे सगळं सांगायला लागले तेव्हा मला फारसं समजावून घ्यावं लागलं नाही.

सासरे १९४१ सालचे. स्वयंपाकघराच्या भिंतीत पलंगापुरता कोनाडा असायचा, त्यात आईवडील आणि सगळ्यात धाकटं मूल झोपायचं. बाकीची भावंडं दुसऱ्या खोलीत, एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायाशी. मुलं मागच्या अंगणात खेळत असली की भूक लागल्यावर खालूनच ओरडायची, आणि आई जॅम लावलेला पाव कागदात गुंडाळून खिडकीतून फेकायची. त्याला ‘जीली पीस’ म्हणत. झेलता आला नाही तर माती झटकून खायचा. जिना धुवायची पाळी आली की शेजारीण दाराला तसं कार्ड अडकवून जायची. कपड्यांचं गाठोडं बाबागाडीत घालून बायका ‘स्टीमी’वर, म्हणजे सार्वजनिक धुण्याच्या घरात जायच्या, आणि गल्लीतली प्रत्येक बातमी तिथूनच फुटायची. बायकांची भिशीही होती, तिला ‘मेनॉज’ म्हणायचे. वडिलांचा एकुलता एक सूट सोमवारी गहाण पडायचा आणि रविवारच्या मासला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, लागतो म्हणून शनिवारी सुटून यायचा. कोऑपच्या, म्हणजे सहकारी दुकानात लाभांशासाठी आईचा नंबर सांगावा लागे. सासऱ्यांना स्वतःचा मोबाइल नंबर आठवत नाही, पण तो नंबर अजून तोंडपाठ आहे.

उन्हाळ्यात मुलांची रवानगी वडिलांकडच्या गावी, म्हणजे आयर्लंडमधल्या डोनेगलला. ग्लासगोच्या ब्रूमिलॉ धक्क्यावरून रात्रीची, आयर्लंडमधल्या डेरी बंदराची बोट. परतीच्या बोटीत माणसांबरोबर गुरंही असत, आणि तो वास आईच्या नाकाला घरी पोचेपर्यंत जात नसे. गावात पीट, म्हणजे जळणासाठी कापलेली दलदलीतली माती, वाळवायला उभं करायचं, बटाटे खणायचे, आणि आज्जीच्या आयरिश शिव्या शिकून यायच्या. आपले कोकणातले चाकरमानी डोळ्यांसमोर आणा.

या येण्याजाण्याला दीडशे वर्षांची वाट होती. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला, त्या दुष्काळात आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली. पण डोनेगलची माणसं त्याआधीही हंगामाला स्कॉटलंडला येत, आणि नंतरही कितीतरी वर्षं बटाटे काढायला येत राहिली. नोव्हेंबर १९३५ मध्ये असाच हंगाम आटोपून परतलेल्यांना डोनेगलजवळच्या आरनमोर बेटावर नेणारी होडी खडकावर आपटली. होडीत २० जण होते, त्यांतले १९ बुडाले. सासऱ्यांच्या घरी ही हकीकत पाठ होती. बोटीच्या कठड्यावर कुणी चढलं की आज्जी तीच सुरू करायची.

आता दुसरी बाजू. सासऱ्यांची आई स्कॉटिश, एअरशायरच्या खाणकामगाराची मुलगी आणि पक्की प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंट. तिनं आयरिश कॅथलिकाशी लग्न केलं. तिचा भाऊ दर जुलैला ऑरेंज मिरवणुकीत, म्हणजे कॅथलिकांना डिवचणाऱ्या प्रोटेस्टंटांच्या मिरवणुकीत ढोल वाजवायचा, आणि संध्याकाळी तोच ढोल जिन्यात ठेवून बहिणीकडे चहाला यायचा. हे विनोदी वाटतं, पण १९२३ साली चर्च ऑफ स्कॉटलंडच्या महासभेपुढे आयरिश लोकांना स्कॉटिश राष्ट्रीयत्वाचा धोका ठरवणारा अहवाल मांडला गेला होता. नोकरीला गेलं की ‘शाळा कुठली?’ एवढाच प्रश्न यायचा. शाळेच्या नावात संत असला की माणूस कॅथलिक, हे कळलं. आडनाव विचारून मग ‘म्हणजे कुठले?’ म्हणणारे आपल्याकडेही काही कमी नाहीत.

एवढ्या बोलक्या घरात एका विषयावर मात्र कुणी बोलत नसे. तो विषय म्हणजे ‘पॅरिश’, गरिबांना मदत देणारी यंत्रणा. "आम्ही गरीब होतो, पण पॅरिशच्या दारात कधी गेलो नाही," हे वाक्य मी लग्नाच्या पहिल्या वर्षातच ऐकलं होतं.

घराण्याचा शोध मी हौसेनं सुरू केला आणि भिंतीवर आपटले. जनगणनेत पणजीच्या जन्मस्थानापुढे नुसतं ‘आयर्लंड’. तिकडचे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले जनगणनेचे बहुतेक कागद १९२२ साली डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातल्या दफ्तरखान्याच्या आगीत गेले, आणि १८६१ ते १८९१ चे त्याआधीच सरकारनं नष्ट केले होते. स्कॉटलंडच्या नोंदी चांगल्या. इथं १८५५ पासून जन्ममृत्यूच्या दाखल्यावर आईचं माहेरचं आडनाव असतं. पण गाव नाही.

गाव सापडलं ग्लासगोच्या मिचेल लायब्ररीत, पॅरिशच्याच वहीत. ग्लासगोच्या पुअर लॉचे, म्हणजे गरिबांच्या मदतीच्या कायद्याखालचे अर्ज तिथं १८५१ पासून जपलेले आहेत. अर्ज केला की इन्स्पेक्टर सगळं खणून विचारायचा: जन्म कुठला, आईबाप कोण, कुठल्या गल्लीत किती वर्षं राहिलात. त्यात दयामाया नव्हती. पॅरिशच्या हद्दीत पाच वर्षांचा रहिवास सिद्ध झाला नाही, तर आयरिश माणसाला परत बोटीत बसवायची सोय कायद्यातच होती. पणजीचा अर्ज १८८१ चा. नवरा गोदीत दबून मेलेला, चार पोरं, थोरला सहा वर्षांचा. खाली डोनेगलमधल्या ग्वीडोरजवळच्या गावाचं नाव, बापाचं नाव, आईचं माहेरचं आडनाव. हाकलून देता यावं म्हणून विचारलेली माहिती आमच्या हाती लागली.

आपल्याकडे जाडजूड कुलवृत्तांत निघतात. त्र्यंबकेश्वरच्या भटजींच्या वह्यांत पिढ्या सापडतात. पण माझे वडील गिरणीत साच्यावर होते, त्यांचं नाव मी शोधायचं तर हजेरीपटात, रेशनकार्डावर आणि पेढीवरच्या कर्जाच्या पावतीत. तुमच्यापैकी ज्यांच्या माळ्यावर असे कागद असतील त्यांनी दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीला घालू नयेत, एवढं माझं ऐका.

तो अर्ज मी सासऱ्यांना दाखवला. चष्मा लावून त्यांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, "दिलं किती?" मी म्हटलं, आठवड्याला अडीच शिलिंग. "अडीच? त्या इन्स्पेक्टरकडून? बाई बोलण्यात तयार होती म्हणायची!" आत्येसासूबाईंना मात्र हे अजिबात रुचलं नाही. घरातलं असलं कशाला बाहेर काढायचं, म्हणून त्या या विषयावर माझ्याशी बोलत नाहीत. दिवाळीच्या फराळाला येतात, चकल्या डब्यात भरून नेतात, आणि आज इथं तिसऱ्या रांगेत बसल्यात. मराठी कळत नाही म्हणून मी बोलून घेतलं.