वेशीबाहेरचा खेळ : ‘ड्रॅगन्स डॉग्मा २’

(पडद्यावर : अंधारी पायवाट. कमरेला हेलकावणारा कंदील. लांबून लांडग्यांचा आवाज.)

कंदिलातलं तेल संपत आलंय. मुक्कामाचं गाव टेकडीपलीकडे आहे आणि टेकडीवर काहीतरी हलतंय. जखमांवर औषध आहे, पण दिवसभराच्या मारामारीने अंगातली ताकद थोडी थोडी घटत गेली आहे. रात्रभर नीट झोप मिळाल्याशिवाय ती भरून येणार नाही. अशा वेळी बहुतेक गेममध्ये आपण नकाशा उघडतो, एखाद्या ठाण्यावर बोट ठेवतो आणि क्षणात तिथे पोचतो. इथे चालावं लागतं.

‘ड्रॅगन्स डॉग्मा’चा पहिला भाग २०१२ साली आला. पुढच्याच वर्षी ‘डार्क अराइझन’ ही त्याची वाढीव आवृत्ती निघाली. त्यानंतर दिग्दर्शक हिदेआकी इत्सुनो आणि कॅपकॉम ही जपानी गेम कंपनी यांनी दुसरा भाग आणायला २०२४चा मार्च उजाडला. मधल्या काळात इत्सुनोंनी ‘डेव्हिल मे क्राय ५’ हा वेगळा गेम केला. पहिल्या भागावर जीव लावणारे लोक थोडे होते, पण फार निष्ठावान होते. ते बारा वर्षं थांबले. त्यांना काय मिळालं, हे सांगताना मला या गेमचे दोन तुकडे करावे लागतात : गावाच्या वेशीबाहेरचा आणि वेशीच्या आतला.

आधी बाहेरचा.

(पडद्यावर : बैलगाडी. मागे बसलेले चौघे. आकाशात एक सावली.)

झटपट प्रवासाची सोय इथे आहे, पण ती फेरीस्टोन नावाच्या महागड्या दगडांवर चालते आणि प्रत्येक दगड एकदाच वापरता येतो. स्वस्तातली सोय म्हणजे बैलगाडी. गाडीत बसायचं, डुलकी काढायची, जाग आली की पुढचं गाव. निदान तशी आशा असते. कधी गॉब्लिन वाट अडवतात. कधी ग्रिफिन, म्हणजे गरुडाचं डोकं आणि सिंहाचं धड असलेला पंखवाला राक्षस, आभाळातून थेट गाडीवर उतरतो, फळ्यांचा चुरा होतो आणि उरलेली वाट पायी तुडवावी लागते. त्याच ग्रिफिनच्या पिसांना धरून तुम्ही वर चढलात आणि तो उडाला, तर तो तुम्हाला घेऊनच जातो. तुम्ही ठरवलेला दिवस तिथे मोडतो आणि दुसराच सुरू होतो. रानात तळ ठोकून मांस भाजायला घेतलं की पडद्यावर खऱ्या मांसाचं खरं चित्रीकरण दिसतं. दिवसभर पाय ओढल्यानंतर हे दृश्य किती सुखाचं वाटतं, ते खेळल्याशिवाय कळत नाही.

बरोबर असतात ते पॉन, म्हणजे प्यादी : गेमच चालवतो असे लढाऊ सोबती. एक प्यादं तुमचं स्वतःचं, तुम्ही घडवलेलं. आणखी दोन इतर खेळाडूंनी घडवलेली, जगभरातून उसनी घेतलेली. तुम्ही झोपता तेव्हा तुमचं प्यादं दुसऱ्याच कोणाच्या जगात नोकरी करत असतं. परत येताना कधी भेटवस्तू आणतं आणि तिथे पाहिलेलं लक्षात ठेवतं. म्हणून एखादं प्यादं अचानक म्हणतं की ही गुहा मला माहीत आहे, चला, दाखवतो. कुठल्याशा अनोळखी माणसाने कधीतरी ती वाट शोधलेली असते. तो माणूस तुम्हाला कधी भेटत नाही, त्याच्याशी एक शब्दही होत नाही, तरी त्याच्या पावलांवर पाऊल ठेवून तुम्ही चालता. एकट्याने खेळायच्या गेममध्ये अशी सोबत मला दुसरीकडे मिळाली नाही.

लढाईत वजन आहे. सायक्लॉप्स या एकडोळ्या राक्षसाच्या पायाशी लोंबकळून त्याचा तोल घालवता येतो, पाठीवर चढून डोळा फोडता येतो. दरीच्या काठावर तो नेमका आडवा पडला तर त्याच्या अंगावरून पलीकडे जाता येतं. पेशे दहा आहेत. ढालवाला फायटर, चपळ थीफ, जादूचे बाण सोडणारा मॅजिक आर्चर, असे. एक गोष्ट मात्र खुपते. पहिल्या भागात बहुतेक पेशांना एकावेळी सहा कौशल्यं जवळ ठेवता यायची, इथे चारच. तीस तासांनंतर हात तेच तेच करू लागतात.

आणि स्फिंक्स, कोडी घालणारी पुराणकथेतली पंखवाली प्राणी-स्त्री. डोंगरातल्या एका मंदिरात ती बसलेली असते आणि कोडी घालते. त्यातलं एक कोडं असं : रानोमाळ विखुरलेल्या शोधचिन्हांपैकी तुला पहिलं चिन्ह जिथे मिळालं, त्या जागी परत जा. अशी २४० चिन्हं आहेत. पहिलं कधी उचललं, कोणत्या कड्यावर, कोणत्या झुडपामागे? नकाशा ते सांगत नाही. तुम्ही त्या वाटेने नुसते गेलात की ती वाट पाहिलीत, हे ती विचारते आहे. या गेमचं सगळं सामर्थ्य मला या एका कोड्यात दिसतं.

(पडद्यावर : वर्नवर्थचा दरवाजा. आत गजबज.)

आता वेशीच्या आत येऊ.

राजधानी वर्नवर्थमध्ये पाऊल टाकलं की पहिली अडखळते ती चालच. गेम प्रत्येक माणसाची हालचाल स्वतंत्रपणे सांभाळतो आणि तो भार प्रोसेसरवर पडतो. रानात बऱ्यापैकी वाहणारं चित्र बाजारात धक्के खाऊ लागतं. सुधारणा नंतर आल्या, पण पहिल्या आठवड्यात ज्यांनी पैसे मोजले त्यांना हे सोसावं लागलं. त्यातच, गेममध्ये सहज मिळणाऱ्या काही वस्तू पहिल्या दिवसापासून वेगळे पैसे घेऊन विकायला ठेवल्या होत्या. चालण्याचं मोल सांगणाऱ्या गेमने असं दुकान मांडावं, याचा मला अजूनही राग येतो.

त्याहून मोठं दुखणं कथेचं. ड्रॅगनने ज्याचं काळीज हिरावून नेलं तो वीर म्हणजे अराइझन. खरा अराइझन तुम्ही, आणि सिंहासनावर कोणी तोतया. पडद्यामागे सत्ता चालवणारी राणी डिसा, रात्री खाणावळीत गुपचूप भेटून कामं देणारा कॅप्टन ब्रँट. मांडणी किती भरीव! पण तुम्ही सीमा ओलांडून बटाल या दुसऱ्या देशात गेलात की दरबाराचे हे धागे हातातून सुटतात. डिसाचं पुढे काय, याचं समाधानकारक उत्तर मिळत नाही. बटालची वस्ती अर्ध्यावर सोडल्यासारखी वाटते आणि तिथून शेवटाकडे नुसती धावाधाव. याच गेममध्ये लांडग्यांनी पळवलेल्या एका मुलाची छोटी गोष्ट आहे. तुम्ही रेंगाळलात तर तो जिवंत सापडत नाही. तिचा चटका राजवाड्यातल्या सगळ्या कारस्थानांहून खोल आहे, कारण तीही वाटेवरच घडते.

रानातही एक उणीव आहेच. नकाशा पहिल्या भागाच्या सुमारे चौपट केला, त्या प्रमाणात राक्षस वाढवले नाहीत. गॉब्लिन, सरडेमाणसं, हार्पी, पुन्हा गॉब्लिन. ‘डार्क अराइझन’मधल्या बिटरब्लॅक बेटासारखं, सगळं कसब पणाला लावणारं भुयार इथे नाही.

ड्रॅगनप्लेगबद्दल मात्र मी गेमच्या बाजूने बोलणार. प्याद्याला हा रोग लागला की त्याचे डोळे लाल चमकतात, डोकं दुखतं, ते उलट बोलू लागतं. तरी तुम्ही लक्ष दिलं नाहीत आणि त्याला घेऊन खाणावळीत झोपलात, तर सकाळी अख्खं गाव मेलेलं असतं. एकच सेव्ह असल्याने मागे फिरणं अवघड. लोक संतापले, नंतर कॅपकॉमने रोगाचा फैलाव कमी केला आणि लक्षणं ठळक केली. लक्षणं ठळक केली ते योग्यच. पण ज्याच्या भरवशावर चाललो त्याच्याकडे पाहायचंच राहिलं, याची शिक्षा इतकी भयंकर ठेवण्याचं धाडस मला आवडलं.

(पडद्यावर : काळोख. क्षणभर काहीच नाही.)

इथून पुढे शेवट उघड होतो. ज्यांना स्वतः खेळायचंय त्यांनी इथे थांबावं.

गेम सुरू करताना पडद्यावर नुसतं ‘ड्रॅगन्स डॉग्मा’ उमटतं, दोनचा आकडा नसतोच. तो पाहायचा तर ड्रॅगनच्या पाठीवर, सगळं ठरल्याप्रमाणे चाललेलं असताना, हातातलं पातं स्वतःच्याच छातीत खुपसावं लागतं. असं करा, असं स्पष्ट कोणी सांगत नाही. मग जग उसवतं, आभाळ लाल होतं आणि आकडा दिसतो. आता प्रत्येक मुक्कामाबरोबर वेळ सरतो, धुकं पुढे सरकतं, आणि वेशीच्या आतल्या त्या माणसांना बाहेर काढायचं असतं. इतके तास निर्जीव वाटलेलं वर्नवर्थ रिकामं होताना पाहून पहिल्यांदा त्याची काळजी वाटते.

(पडद्यावर : कोरडा समुद्रतळ.)

आणि समुद्र आटलेला असतो. त्या पाण्यात खोल गेलं की काहीतरी गिळून टाकायचं, म्हणून सबंध खेळभर आपण काठाकाठानेच चाललो होतो. आता तिथे उतार आहे, मोकळा तळ आहे, आणि पायवाट अजून कोणी पाडलेली नाही. प्यादं मागोमाग उतरतं.